शवागाराच्या दारात ठरलेली रक्कम

कारखान्यात रिअ‍ॅक्टर फुटतो, बांधकामावरची परांची कोसळते, टाकीत उतरलेली माणसं वर येत नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: किती लाख जाहीर झाले? एक बाजू म्हणते, पाच लाख म्हणजे थट्टा आहे, पंचवीस द्या, घरातल्या एकाला नोकरी द्या, तोवर मृतदेह ताब्यात घेणार नाही. दुसरी बाजू म्हणते, हेल्मेट न घालणाऱ्याची चूक मालकाच्या माथी का मारता, असल्या दबावाने उद्योग राज्याबाहेर जातील. दोन-तीन दिवस आवाज चढतो, एक आकडा ठरतो, अंत्यसंस्कार होतात आणि विषय मिटतो. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळून २० जण गेले, तेव्हाही बातम्यांमधले ठळक आकडे होते राज्य सरकारचे पाच लाख आणि पंतप्रधान मदत निधीतले दोन लाख. कायद्याने या कुटुंबांचं मालकाकडून, ठेकेदाराकडून नेमकं किती येणं लागतं, याचा हिशेब त्या गदारोळात जवळजवळ कुणी मांडला नाही.

या वादाच्या दोन्ही बाजू चुकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारने जाहीर केलेली रक्कम सानुग्रह मदत असते. ती द्यायची की नाही, किती द्यायची, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. भरपाईचं तसं नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार ती अपघात झाला त्याच क्षणी मालकाच्या अंगावर पडलेली देणी असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे १९७५ मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणून शवागाराच्या दारात, स्टॅम्प पेपरवर, 'यापुढे आमची कोणतीही तक्रार नाही' असं लिहून घेऊन होणारी तडजोड बंद झाली पाहिजे. मृत्यूच्या भरपाईचा प्रत्येक रुपया भरपाई आयुक्तांमार्फतच, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधीशांमार्फतच, गेला पाहिजे, आणि त्या पैशाच्या बदल्यात फौजदारी प्रकरण सोडून देण्याची भाषा कुणी करता कामा नये. मालकाने चांगुलपणा दाखवावा अशी ही विनंती नाही, कायदा आजही हेच सांगतो.

मुळात हा कायदा कशासाठी आला ते पाहिलं की 'चूक कुणाची' हा वाद किती जुना आणि किती निरर्थक आहे ते कळतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कामगार मेला तर त्याच्या बायकोला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि मालकाच्या हातात तीन ढाली असत: सहकाऱ्याची चूक होती, मृताची स्वतःची चूक होती, धोका माहीत असूनच तो कामावर आला होता. १८३७ च्या एका निकालाने घातलेल्या पायावर उभी राहिलेली ही भिंत पाडायला १८९७ साल उजाडावं लागलं. जर्मनीने त्याआधीच, १८८४ मध्ये, अपघात विमा सुरू केला होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने केलेला असा पहिला सक्तीचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ जण मेले. मालक फौजदारी खटल्यातून सुटले आणि पुढे दिवाणी दाव्यांत एका जिवामागे ७५ डॉलर हाती आले. चूक सिद्ध करण्याचं ओझं मृताच्या घरावर टाकलं की काय होतं, त्याचा याहून बोलका दाखला सापडणार नाही. भारतात १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला तो हे ओझं उतरवण्यासाठीच.

आणि म्हणून हेल्मेटचा मुद्दा. तो पूर्णपणे खोटा नाही. सुरक्षा साधनं दिलेली असताना ती न वापरणारे कामगार असतात, यंत्राचं गार्ड काढून काम उरकणारे असतात, कधी नशेत आलेलेही असतात. अशा कारणांनी झालेल्या दुखापतीत कायदा मालकाला बचाव देतोही. पण तो बचाव ज्या वाक्यात आहे त्याच वाक्यात अपवादही आहे: दुखापतीतून मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालत नाही. कलम ३ चा हा तुकडा कुटुंबाने पाठ करून ठेवावा असा आहे, कारण पहिल्या दिवसापासून त्यांना हेच ऐकवलं जातं की 'चूक त्याचीच होती, तरी साहेब माणुसकीने देताहेत'. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढं दाखवणं पुरेसं आहे. या ओघाचा अर्थही न्यायालयांनी संकुचित धरलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल पुन्हा कुटुंबाच्या बाजूने फिरवला. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर, कामाच्या ओघातलाच मानायचा, असं त्यात ठरलं.

पण हाच निकाल माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेपही पुढे आणतो. २००३ चा मृत्यू, २०२५ चा निकाल. मग कुटुंबाने कायद्याची वाट धरायची ती कुणाच्या भरवशावर? घरात चूल पेटायची आहे, मुलांची फी भरायची आहे, गावी परतायला तिकिटाचे पैसे नाहीत. आज हातात पडणारे आठ लाख चांगले की वीस वर्षांनी मिळणारे पंधरा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि त्याला 'न्यायासाठी धीर धरा' हे उत्तर तर कुणी देऊच नये.

उत्तर कायद्यातच आहे, फक्त ते वापरलं जात नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई थेट कुटुंबाच्या हातात देण्याला कलम ८ प्रमाणे भरपाई मानलंच जात नाही. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. मात्र तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल मालक वारसांना लगेच देऊ शकतो आणि ती पुढे भरपाईतून वळती होते. तातडीच्या गरजेची सोय ती हीच. मालकाला पूर्ण रक्कम मान्य नसेल तर जेवढी मान्य आहे तेवढी त्याने ताबडतोब जमा करायची असते. उरलेल्यावर वाद चालत राहील. महिनाभरात रक्कम भरली नाही तर वर्षाला किमान १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. व्याज आयुक्तांच्या निकालापासून मोजायचं नसतं, अपघातापासून मोजायचं असतं. शिवाय उच्च न्यायालयात अपिलाला जायचं तर मालकाला आधी रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. म्हणजे उशीर ही मालकाची ताकद नाही, उशीर त्याला महाग पडतो. तो स्वस्त पडतो कारण दावाच दाखल होत नाही. अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असं कलम २५-अ म्हणतं. तसं होत नाही, हे खरं आहे, आणि त्यासाठी आयुक्तांच्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल ओरडलं पाहिजे. कायदा गुंडाळून ठेवणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

थेट हातात दिलेल्या पैशाचा आणखी एक धोका आहे ज्याबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण बोललंच पाहिजे. शवागारापाशी कोण उभं असतं? बहुतेक वेळा मृताचा भाऊ, काका, गावचा कुणी पुढारी, आणि मजूर पुरवणारा मुकादम. बायको गावी असते, किंवा बोलण्याच्या अवस्थेत नसते. चेक ज्याच्या नावाने फाटतो त्याच्या खात्यात जातो, आणि सहा महिन्यांनी त्या बाईला माहेरी पाठवलेलं असतं. आयुक्तांकडे जमा झालेल्या रकमेची वाटणी आयुक्त करतात: विधवा, अज्ञान मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई यांना अवलंबून असल्याचं वेगळं सिद्ध करावं लागत नाही. वडिलांना करावं लागतं. अज्ञान मुलांचा हिस्सा गुंतवून ठेवण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. एकवीस वर्षांच्या विधवेला सासर-माहेरच्या ओढाताणीत याच्याइतकं संरक्षण दुसरा कोणता करार देतो? मालकासाठीही हा मार्ग सुरक्षित आहे. बाहेर दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत, त्यामुळे उद्या विधवेने दावा केला तर तेच पैसे पुन्हा भरावे लागतात. आणि हक्क सोडल्याचा करार कलम १७ प्रमाणे मुळातच रद्दबातल असतो, मग त्यावर किती साक्षीदारांच्या सह्या असोत.

दुसरा मोठा आक्षेप रकमेचा. कायद्याने मिळणारी रक्कम तुटपुंजी आहे, रस्त्यावर बसूनच जास्त मिळते, असं कामगार संघटनांचे अनुभवी कार्यकर्तेही म्हणतात. हिशेब करून पाहू. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा घटक. तीस वर्षांच्या कामगारासाठी तो घटक २०७.९८ आहे. पगार २२,००० असला तरी हिशेबात १५,००० च धरायचे, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून आहे. ७,५०० ला २०७.९८ ने गुणलं की १५,५९,८५० रुपये होतात, आणि त्यावर दरवर्षी १,८७,१८२ रुपये व्याज. जाहीर होणाऱ्या पाच लाखांच्या तिप्पट रक्कम, तीही कुणाची चूक न विचारता. तरीही आक्षेपात तथ्य आहे. हाच माणूस त्याच साइटवर मागे येणाऱ्या टिपरखाली गेला असता तर मोटार अपघात न्यायाधिकरणाने पूर्ण २२,००० धरले असते, भविष्यातल्या पगारवाढीपोटी ४० टक्के वाढवले असते, घरात चार अवलंबित असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला असता आणि वर्षाच्या रकमेला १७ ने गुणलं असतं: ४७,१२,४०० रुपये. खंदकाची भिंत कोसळून मेला तर सोळा लाखांच्या आत, टिपरखाली मेला तर सत्तेचाळीस लाख. एकाच घराच्या एकाच नुकसानीचे हे दोन भाव कोणत्या तत्त्वाने ठरले? याला समर्थन नाही. संघटनांनी रस्त्यावर उतरावं ते ही १५,००० ची मर्यादा उठवण्यासाठी. ती उठली तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मृताच्या घराला फायदा होईल. एका दारात पंचवीस लाख मिळवले तर फक्त त्याच घराला होतो, तोही बातमी मोठी असेल तर. एकटा वेल्डर आडगावातल्या शेडवरून पडून मरतो तेव्हा कोण रस्त्यावर बसतं?

तोवर कुटुंबाने आपला मार्ग नीट निवडायला हवा, कारण इथे एक पाऊल चुकलं की दुसरं दार बंद होतं. वाहनाचा संबंध असेल, म्हणजे क्रेन, डंपर, टँकर, तर मोटार वाहन कायदा आणि भरपाई कायदा यांपैकी एकच निवडता येतो. मोटार दाव्याची मुदत आता फक्त सहा महिने आहे, आयुक्तांकडच्या दाव्याची दोन वर्षं. मालकाचा निष्काळजीपणा ठळक असेल तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावाही करता येतो, त्यालाही दोन वर्षंच, पण तिथे चूक सिद्ध करावी लागते आणि आयुक्तांकडे गेल्यावर तो दरवाजा मिटतो. मृताचा कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा (ईएसआयसी) विमा असेल तर आयुक्तांकडचा दावाच नाही. त्याऐवजी वेतनाच्या सुमारे ९० टक्के इतकं मासिक निवृत्तिवेतन घराला मिळतं, विधवेला आयुष्यभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, मुलाला २५ वर्षांपर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. दीर्घकाळ पाहता हे एकरकमी पैशापेक्षा भक्कम असतं. मालकाने हप्ते भरले नव्हते म्हणून कुटुंबाचा हक्क जात नाही, महामंडळ ते मालकाकडून वसूल करतं. विमा क्रमांक अपघाताच्या दिवशी किंवा नंतर घाईने काढलेला आहे का, एवढं मात्र तारीख पाहून तपासावं. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर निधी, विधवा निवृत्तिवेतन आणि सात लाखांपर्यंतचा ठेव संलग्न विमा, आणि ग्रॅच्युइटी हे सगळं भरपाईच्या वर मिळतं. मृत्यूत ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नाही. नोंदणी जिवंत असलेल्या बांधकाम कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर राज्याच्या कल्याणकारी मंडळाचे पाच लाख वेगळे. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये मृत्यू झाला असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी ठरवलेले ३० लाख. यातलं एकही देणं दुसऱ्याच्या नावाखाली वळतं करून घेता येत नाही, आणि 'आम्ही पीएफचं सगळं काढून दिलं' हे भरपाई दिल्याचं उत्तर होत नाही.

मात्र कोणताही मार्ग निवडा, तो पहिल्या आठवड्यातल्या कागदांवर उभा राहतो, आणि तिथेच बहुतेक घरं हरतात. पोलीस ठाण्यात सांगतात, 'नोंद झाली आहे.' नोंद झालेली असते अकस्मात मृत्यूची, म्हणजे ए.डी. तो गुन्हा नव्हे. ती मृत्यूच्या कारणाची चौकशी आहे, आणि त्यात आरोपी नसतो. कागदाच्या डोक्यावर 'अ.मृ. क्रमांक' आहे की 'गु.र.नं.', म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आहे ते पाहावं. ए.डी.च्या जबाबात सहकाऱ्याकडून लिहून घेतलेलं असतं, 'चक्कर येऊन तोल गेल्याने पडला'. उंचीवरून पडलेल्या माणसाच्या घटनास्थळ पंचनाम्यात काय असायला हवं? प्लॅटफॉर्मची उंची, कठडा होता की नाही, हार्नेस अंगावर होता का आणि त्याचा हुक अडकवायला लाइफलाइन होती का. हार्नेस दिला पण अडकवायला जागाच नाही, असं सर्रास आढळतं, आणि पंचनाम्यात मात्र 'सेफ्टी बेल्ट पुरवलेला होता' एवढंच येतं. यंत्रात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडलं की यंत्र थांबवणारी सोय), आणि दुरुस्ती चालू असताना वीज कुलूपबंद केली होती का. टाकीतल्या मृत्यूत आत उतरण्याचं परमिट, वायू मोजल्याची नोंद, बाहेर उभा असलेला माणूस. वायूचा संशय असेल तर शवविच्छेदनात व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवायला लेखी सांगावं. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जप्त करण्याचं पत्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोलिसांना देऊन पोच घ्यावी. पगाराचा पुरावा हा तर भरपाईच्या गणिताचा पायाच. हजेरीपटावर नाव नसेल तर बँकेत जमा झालेले पैसे, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे हिशेब, गेट पास, सहकाऱ्यांची नावं आणि गावं, काहीही चालतं, पण ते सहकारी दुसऱ्या साइटवर पांगण्याआधी मिळवावं लागतं.

परप्रांतीय कामगाराच्या घरच्यांना सांगितलं जातं की दावा करायचा तर इथेच येऊन राहावं लागेल. ते खरं नाही. अपघात जिथे झाला तिथे, किंवा वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडे, दावा करता येतो. महाराष्ट्रात हे काम कुठे कामगार न्यायालय करतं, कुठे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक आपत्तीतल्या पीडितांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं आणि १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे. रकमेच्या टक्केवारीवर काम घेणाऱ्या दलालाची गरज कुणालाच नाही.

उद्योगांची बाजू मी तितक्याच गांभीर्याने घेतो. बारा कामगारांचा फॅब्रिकेशनचा वर्कशॉप सोळा लाखांच्या फटक्याने बसू शकतो, हे खरं आहे. पण यासाठीच कर्मचारी भरपाईची विमा पॉलिसी असते. ठेका देणारा मूळ मालकही कलम १२ प्रमाणे जबाबदार असतो. तो आधी भरपाई देतो आणि मग ठेकेदाराकडून वसूल करतो, त्यामुळे 'तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता' हे उत्तर कायद्यात बसत नाही. ठेका देतानाच ठेकेदाराच्या पॉलिसीत किती माणसं आणि कोणतं काम नोंदलंय हे पाहणं त्याच्याच हिताचं असतं. पॉलिसी पाच मदतनीसांची आणि वर छतावर वीस जण, अशी स्थिती अपघातानंतरच उघड होते. विमा कंपनी भरपाई आणि व्याज भरते, पण उशिराचा दंड भरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निर्णय आहे. म्हणजे लहान उद्योजकाला खिशातून जे भरावं लागतं, ते बहुतांशी त्याने दाव्याकडे पाठ फिरवल्यामुळे. विमा न काढता धोकादायक काम चालवणाऱ्याचा तोटा त्याच्या मजुराच्या विधवेने का सोसायचा?

आता फौजदारी बाजू. सुरक्षा क्षेत्रातले जाणकार म्हणतात की प्रत्येक अपघातात गुन्हा दाखल झाला तर माणसं बोलायची थांबतील, त्रुटी लपवल्या जातील, आणि पुढचा अपघात टाळता येणार नाही. या म्हणण्यात वजन आहे. फिटरला आणि शिफ्ट सुपरवायझरला उचलून कोठडीत टाकल्याने एकही रिअ‍ॅक्टर सुरक्षित झालेला नाही. पण त्याचा अर्थ गुन्हा नको असा होत नाही. गुन्हा योग्य माणसावर हवा, एवढाच होतो. कारखान्याचा भोगवटादार म्हणजे कंपनीचा संचालक, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवून दिलं आहे, आणि व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा तरी भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोनच होती. आणि हा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्यांच्या यादीत नाही. 'पैसे घ्या, केस मागे घ्या' म्हणणारा जी गोष्ट कुटुंबाच्या हातातच नाही तिचा सौदा करत असतो.

पैसा आणि शिक्षा यांची अशी अदलाबदल आपण एकदा राष्ट्रीय पातळीवर करून पाहिली आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये भोपाळच्या वायुकांडाचा दावा ४७ कोटी डॉलरवर मिटला, आणि त्या तडजोडीबरोबर फौजदारी खटलेही रद्द झाले. पीडितांना विचारलं नव्हतं. देशभर संताप उसळला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटले पुन्हा सुरू केले. पण १९९६ मध्ये आरोप निष्काळजीपणापर्यंत खाली आणले गेले, आणि २०१० मध्ये सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. रकमेचं काय? ती अपुरी ठरल्याचं सांगत केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. मृतांची आणि जखमींची संख्या नीट ठरण्याआधी केलेला सौदा नंतर उघडता येत नाही, आणि त्यात सोडलेली जबाबदारी पूर्णपणे परत मिळत नाही. शवागाराच्या दारातली तडजोड आकाराने लहान असते, पण चूक तीच असते: नुकसान किती ते कळायच्या आत सही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. वर दिलेले भरपाईच्या कलमांचे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत. त्या तारखेआधीच्या अपघातांना तोच लागू राहतो आणि नव्या संहितेत चौकट तीच आहे, क्रमांक मात्र बदललेले. कामावर येता-जाताना झालेला अपघात तर आता संहितेतच लिहिलेला आहे.

एक तरतूद मात्र नव्वदहून अधिक वर्षं जवळपास न वापरता पडून आहे. कामगार मेल्याची माहिती कोणत्याही मार्गाने मिळाली, अगदी वर्तमानपत्रातून, तरी आयुक्त मालकाला नोटीस काढून विचारू शकतात: मृत्यू कशाने झाला, आणि तू रक्कम जमा करणार आहेस का? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मालकाने जबाबदारी नाकारली तर आयुक्त वारसांना कळवू शकतात की तुम्हाला दावा करता येईल. कुटुंबाने अर्ज करण्याची वाटही पाहावी लागत नाही. रस्ते अपघातात तर याहून पुढची सोय आहे: पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. कारखान्यातल्या आणि बांधकामावरच्या मृत्यूलाही हीच पद्धत लावायला काय अडचण आहे? प्रत्येक ए.डी.ची आणि गुन्ह्याची प्रत औद्योगिक सुरक्षा संचालनालयाबरोबर भरपाई आयुक्तांकडेही आठ दिवसांत गेली पाहिजे, आणि आयुक्तांनी त्यावर आपण होऊन नोटीस काढली पाहिजे. यातल्या पहिल्या भागाला गृहखात्याचं एक परिपत्रक पुरतं आणि दुसऱ्याला कायदा आधीपासूनच आहे. पुढच्या अपघातानंतर मंत्र्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा: आयुक्तांची नोटीस निघाली का, आणि किती तारखेला?